डायलिसिस मशीनचं सांडपाणी आणि उलटा प्रवाह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायलिसिस सेंटरमध्ये आत येणाऱ्या पाण्याची काळजी आपण मनापासून घेतो. आरओची (पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची) कंडक्टिव्हिटी, म्हणजे पाण्यात उरलेल्या क्षारांचा अंदाज देणारा आकडा, रोज वहीत लिहिली जाते, कल्चरचे नमुने लॅबला जातात. बाहेर जाणाऱ्या पाण्याकडे मात्र ते तुंबेपर्यंत कुणी वळून बघत नाही. खालचे प्रश्न टेक्निशियन, सिस्टर, छोट्या हॉस्पिटलचे मालक, प्लंबर आणि घरी डायलिसिस करणाऱ्यांचे नातेवाईक पुन्हा पुन्हा विचारतात. तुमच्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये काही वेगळं सांगितलं असेल, तर मॅन्युअलचं ऐका.

१. एका डायलिसिसला सांडपाणी किती निघतं?

डायलिसेट म्हणजे डायलायझरमध्ये (मशीनवरच्या गाळणीत) पडद्याच्या एका बाजूला रक्त असताना दुसऱ्या बाजूने वाहणारं द्रावण. त्याचा वेग साधारणपणे मिनिटाला ५०० मिलीलिटर ठेवतात. म्हणजे तासाला ३० लिटर आणि चार तासांच्या डायलिसिसला १२० लिटर. त्यात रुग्णाच्या अंगातून काढलेलं दोन-तीन लिटर पाणी आणि रिन्स (मशीन आतून धुणं) व डिसइन्फेक्शनचं पाणी धरा. दहा मशीन आणि तीन शिफ्ट असतील, तर नुसतं डायलिसेटच दिवसाला ३,६०० लिटर होतं. आरओने नाकारलेलं पाणी वेगळं, त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

२. ते पाणी घाण असतं का? दिसायला तर स्वच्छच दिसतं.

दिसतं स्वच्छ, पण त्यात युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फेट आणि बहुतेक वेळा ग्लुकोज असतं. शिवाय ते कोमट असतं. जंतूंना वाढायला याहून सोयीचं काही नको. म्हणूनच ड्रेन पाइपच्या आतून काही आठवड्यांत बुळबुळीत थर धरतो. एखाद्या जुन्या ड्रेनची जाळी उचलून आत बोट फिरवलंत (ग्लोव्ह घालूनच), तर राखाडी, चिकट थर हाताला लागेल. त्यालाच बायोफिल्म म्हणतात. त्यात स्युडोमोनास, सेरेशिया, एंटेरोबॅक्टर असे जंतू सुखाने राहतात आणि वरून ओतलेलं जंतुनाशक आतल्या थरापर्यंत पोचत नाही. ड्रेन निर्जंतुक करून ठेवणं शक्य नाही. आपल्याला फक्त त्याला मशीनपासून आणि माणसाच्या हातापासून लांब ठेवता येतं.

३. मशीन पाणी बाहेर ढकलत असतं, मग ते उलटं येईल कसं?

दोन प्रकारे येतं. पहिला प्रकार दाबाचा: पुढे पाइप तुंबला, चेंबर भरला किंवा एकाच बारीक पाइपवर बरीच मशीन एकदम रिन्सला गेली, की ड्रेनमधला दाब वाढतो आणि पाणी वाट मिळेल तिकडे सरकतं.

दुसरा प्रकार ओढीचा. ड्रेन नळीचं टोक ट्रॅपमधल्या (गटाराचा वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपमधल्या) पाण्यात बुडालेलं आहे आणि मशीनच्या आत क्षणभर दाब कमी झाला, तर टाकीतून नळीने पाणी उपसताना होतं तसंच होतं आणि घाण पाणी नळीतून वर चढतं. लाइट जाणं, मशीन मध्येच बंद करणं, रिन्स चालू असताना इनलेटचं पाणी तुटणं, अशा वेळी हे घडू शकतं. आपल्याकडे लाइट जाणं काही नवीन नाही.

मशीनच्या आत उलटा प्रवाह अडवणारे व्हॉल्व्ह असतात. पण ड्रेनचं पाणी एकदा मशीनच्या हायड्रॉलिक्समध्ये शिरलं, की तिथेही बायोफिल्म धरते. अख्खा जंतू डायलायझरच्या पडद्यातून सहसा जात नाही. त्याच्या भिंतीचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, जाऊ शकतात, विशेषतः हाय-फ्लक्स (मोठ्या छिद्रांच्या) डायलायझरमध्ये, कारण तिथे डायलिसेटचा काही भाग उलटा रक्ताकडे सरकतच असतो. मग डायलिसिसला लागून तास-दीड तासाने रुग्णाला हुडहुडी भरते आणि ताप येतो. आपण सगळे 'कॅथेटरचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) इन्फेक्शन असेल' म्हणून मोकळे होतो.

४. एअर गॅप म्हणजे नेमकं काय आणि किती ठेवायचा?

मशीनच्या ड्रेन नळीचं टोक आणि सांडपाण्याचा पाइप यांच्यामध्ये ठेवलेली मोकळी हवा म्हणजे एअर गॅप. पाणी नळीतून सुटून हवेतून खाली पडलं पाहिजे. हवेतून पाणी उलटं चढत नाही आणि ओढलंही जात नाही. या पानावरची बाकी कुठलीही गोष्ट जमली नाही, तरी ही एक जमवा.

प्लंबिंगचा नियम असा: गॅप नळीच्या आतल्या व्यासाच्या दुप्पट हवा आणि कमीत कमी २५ मिलीमीटर तरी हवाच. मशीनची ड्रेन नळी बारीक असते, त्यामुळे प्रत्यक्षात २५ मिलीमीटरचा आकडाच लागू पडतो.

मोजायचं कुठून, इथे बहुतेकजण चुकतात. ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीपासून मोजू नका. तुंबलं तर पाणी जिथून बाहेर सांडेल, त्या काठापासून मोजा. कप किंवा रुंद पाइप काठोकाठ भरला, तरी नळीचं टोक त्याच्या वर एक इंच राहिलं पाहिजे.

टोक जागेवर राहील असा पक्का क्लॅम्प लावा. बँडेजच्या पट्टीने किंवा चिकटपट्टीने बांधलेली नळी मी बऱ्याच सेंटरमध्ये पाहिली आहे. पट्टी भिजते, सैल होते, आणि मशीन थोडं सरकवलं की नळी घसरून थेट पाण्यात जाते. वरून बघणाऱ्याला पट्टी जागेवरच दिसते. टोक किती उंचीवर असावं, याचीही मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते. त्यापेक्षा वर नेलं तर पंपावर भार येतो.

५. शिंतोडे उडतात म्हणून नळी ट्रॅपमध्ये घालून वरून एम-सील लावलंय. चालेल ना?

नाही, आजच काढा. एम-सील लावल्यावर मशीनचा आतला भाग आणि गटार एकच झालं, मध्ये हवा उरली नाही. शिंतोड्यांसाठी वेगळा उपाय आहे: नळीचं तोंड सरळ खाली ठेवा, तिरपं नको. खाली रुंद तोंडाचा कप किंवा फनेल द्या. समोरून एक आडोसा लावा, पण बाजू उघड्या ठेवा. गॅप तीन-चार इंचांचा केलात तर शिंतोडे वाढतात, म्हणून तो गरजेपुरताच ठेवा.

६. एनआरव्ही (एकदिशा व्हॉल्व्ह) बसवला तर एअर गॅपची गरज उरते का?

उरते. व्हॉल्व्हमध्ये रबर असतं, स्प्रिंग असते. त्यावर क्षार बसतात, थर बसतो, आणि एखादा कण अडकला की व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो. तो बिघडला आहे, हे बाहेरून कळतही नाही.

याचा धडा १९९० च्या दशकात मिळालेला आहे. काही मशीनना पुढच्या बाजूला एक खास तोंड होतं. प्राइमिंगचं (रुग्ण लावण्याआधी नळ्या भरून धुण्याचं) सलाइन बादलीत न सोडता तिथे सोडायचं, की ते मशीनच्या ड्रेनमध्ये जायचं. मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह होते. कॅनडात १९९५ मध्ये आणि अमेरिका व इस्रायलमध्ये १९९७ मध्ये डायलिसिस रुग्णांच्या रक्तात ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचं इन्फेक्शन पसरलं आणि तपासात बोट याच तोंडाकडे गेलं. व्हॉल्व्ह नीट बंद होत नव्हते, ड्रेनचं पाणी मागे येऊन तोंड दूषित करत होतं आणि तिथे जोडलेल्या ब्लडलाइनमधून (रक्ताच्या नळीतून) जंतू रुग्णापर्यंत जात होते. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने १९९८ मध्ये या तिन्ही घटना एकत्र प्रसिद्ध केल्या.

एनआरव्ही जास्तीची सुरक्षा म्हणून जरूर लावा. एअर गॅपच्या जागी लावू नका. तुमच्या मशीनला असं तोंड असेल, तर त्याच्या व्हॉल्व्हची तपासणी आणि तोंडाचं रोजचं डिसइन्फेक्शन कंपनीने सांगितल्याप्रमाणेच करा.

७. उलटा प्रवाह झाला नाही, तरी ड्रेनमुळे इन्फेक्शन होऊ शकतं का?

होऊ शकतं, हातांमार्फत. भिंतीत बसवलेल्या डब्यात आरओचा नळ, कॉन्सन्ट्रेटचे (डायलिसेट बनवायच्या दाट द्रावणाचे) पॉइंट आणि ड्रेन अशी सगळी तोंडं एकत्र असतात. त्याला वॉल बॉक्स म्हणतात. २०१५-१६ मध्ये अमेरिकेतल्या काही डायलिसिस सेंटरमध्ये सेरेशिया आणि स्युडोमोनासची रक्तातली इन्फेक्शन्स वाढली, तेव्हा तपासात वॉल बॉक्सच्या तळाशी साचलेलं पाणी सापडलं. पाणी साचतं, कर्मचारी नळी लावताना तिथे हात घालतो आणि त्याच हाताने कॅथेटरची टोपी उघडतो. फिस्टुलापेक्षा (हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली वाट) कॅथेटरवरच्या रुग्णाला हा धोका फार मोठा. आपल्याकडे कॅथेटरवर डायलिसिस सुरू होणारे रुग्ण बरेच असतात, म्हणून हे प्रकरण 'तिकडचं' समजू नका.

८. वॉल बॉक्स किंवा ड्रेनचा कप कोणी, कधी आणि कसा साफ करायचा?

रोज, शेवटची शिफ्ट संपल्यावर. रुग्ण मशीनवर असताना करू नका. आधी साबणाच्या पाण्याने थर घासून काढा, मग हॉस्पिटलमध्ये वापरतात ते जंतुनाशक लावा आणि बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्या. थर न काढता हायपोक्लोराइट ओतण्याचा उपयोग नाही. ड्रेनचं फडकं आणि ब्रश वेगळ्या रंगाचे ठेवा, ते मशीनच्या बाहेरच्या भागाला लागता कामा नयेत.

हे काम बहुतेक ठिकाणी सफाईच्या मावशी किंवा मामा करतात. त्यांना नुसतं 'पुसून घ्या' सांगू नका, कशासाठी करायचं ते समजावून सांगा. कारण कळलं की काम नीट होतं, आणि पाणी साचलेलं दिसलं तर त्याच पहिल्यांदा येऊन सांगतात. काम झाल्यावर ग्लोव्ह काढायचे, हात धुवायचे आणि मगच दुसऱ्या कशाला हात लावायचा. टेक्निशियनलाही हाच नियम: ड्रेनची नळी हाताळली की हात स्वच्छ केल्याशिवाय रुग्णाकडे जायचं नाही.

९. ड्रेनचा पाइप कोणता घ्यायचा? ढाळ किती द्यायचा?

मशीनमध्ये हीट डिसइन्फेक्शन होत असेल, तर ८०-९० अंशांचं पाणी ड्रेनमध्ये येतं. साधा यूपीव्हीसी पाइप ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतो. तो मधोमध झोल खातो आणि त्या झोलात पाणी साचतं. म्हणून मशीनजवळचा भाग तरी सीपीव्हीसी किंवा पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड) नको, सायट्रिक आणि पेरासिटिक ॲसिडने तो गंजतो.

आडव्या पाइपला पुरेसा आणि सलग ढाळ द्या, ठरावीक अंतरावर सफाईसाठी तोंड ठेवा आणि व्हेंट पाइप विसरू नका. व्हेंट नसला तर एका मशीनचं पाणी जोरात गेलं, की शेजारच्या ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं. मग गटाराचा वास, झुरळं आणि चिलटं थेट डायलिसिस रूममध्ये. बंद पडलेल्या मशीनचा ट्रॅपही असाच सुकतो, त्यात आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत राहा.

मशीनवर वारंवार ड्रेनचा किंवा यूएफचा (रुग्णाच्या अंगातलं पाणी काढण्याचा) अलार्म येत असेल, तर इंजिनियरला बोलवण्याआधी नळी कुठे दुमडली आहे का, मशीनच्या चाकाखाली आली आहे का आणि टोक बुडालं आहे का, हे पाहा.

१०. आरओचं रिजेक्ट पाणी त्याच ड्रेनमध्ये सोडावं का?

शक्यतो नको. रिजेक्ट पाणी रुग्णाजवळ गेलेलंच नसतं, त्यात फक्त मूळ पाण्यातले क्षार जास्त असतात. आरओ निम्मं पाणी नाकारत असेल, तर क्षारांचं प्रमाण साधारण दुप्पट होतं. हे पाणी वेगळ्या टाकीत घेऊन फ्लशला, फरशी पुसायला किंवा कूलिंगला वापरता येतं. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगमध्ये हे वर्षानुवर्षं चालू आहे. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा भागात हे पाणी गटारात सोडताना जीव तुटतो. झाडांना घालायचं असेल तर आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. बोअरचं पाणी मुळातच खारं असेल, तर झाडं जळतील.

वापरलेलं डायलिसेट मात्र झाडांना नाही आणि फ्लशलाही नाही. दोन्ही पाइप वेगळ्या रंगाचे ठेवा. रिजेक्टच्या पाइपलाही टाकीच्या वर एअर गॅप हवाच.

११. आमच्या केमिकलचं पाणी नगरपालिकेच्या नळात उलटं जाऊ शकतं का?

जाऊ शकतं. आरओ प्लांटची पाइपलाइन थेट नगरपालिकेच्या लाइनला जोडलेली असेल आणि लूपचं (शुद्ध पाणी मशीनपर्यंत नेणाऱ्या पाइपचं) डिसइन्फेक्शन चालू असताना बाहेर पाणी गेलं, तर केमिकल मागे ओढलं जाण्याचा धोका असतो. मध्ये कच्च्या पाण्याची टाकी ठेवा आणि नळाचं तोंड टाकीच्या ओव्हरफ्लोच्या वर राहू द्या. तत्त्व प्रश्न ४ मधलंच आहे.

१२. फॉर्मेलिन, हायपोक्लोराइट, पेरासिटिक ॲसिड ड्रेनमध्ये ओतलं तर चालतं का?

जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे टाकून द्यायचं फॉर्मेलिन आणि वापरलेली जंतुनाशकं हा पिवळ्या गटातला रासायनिक द्रव कचरा आहे. तो वेगळा गोळा करायचा आणि प्रक्रिया केल्यावरच बाकीच्या सांडपाण्यात मिसळायचा. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच ६.५ ते ९, बीओडी लिटरला ३० मिलीग्रॅमपर्यंत आणि सीओडी २५० मिलीग्रॅमपर्यंत असावा, असं नियम सांगतात (बीओडी आणि सीओडी ही पाण्यातल्या घाणीची मापं). तुमच्या सेंटरला नेमक्या कोणत्या अटी आहेत, ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात लिहिलेलं असतं. ते कागद कपाटातून काढून एकदा वाचा.

दोन गोष्टी जिवाशी संबंधित आहेत. हायपोक्लोराइट आणि कुठलंही ॲसिड एकाच वेळी एका ड्रेनमध्ये सोडू नका, क्लोरीन वायू तयार होतो. एका मशीनला ब्लीच आणि शेजारच्याला सायट्रिक ॲसिड चालू असेल आणि ड्रेन एकच असेल, तर हे सहज घडतं. आणि सगळ्या मशीनचं ब्लीच एकदम एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटमध्ये) पाठवू नका. तिथले कामाचे जंतू मरतात आणि प्लांट आठवडाभर वास मारतो. मशीन पाळीपाळीने लावा.

१३. हिपॅटायटिस बीच्या रुग्णासाठी वेगळी ड्रेन लाइन लागते का?

मशीन वेगळं हवं, शक्य असेल तर खोलीही वेगळी. ड्रेनचा पाइप एअर गॅपच्या पुढे एकत्र झाला तर हरकत नाही. डायलायझर शाबूत असेल तर विषाणू पडद्यातून पलीकडे जात नाही. पण पडदा फाटू शकतो, म्हणून प्रत्येकाचंच डायलिसेट संसर्गजन्य समजून हाताळा.

१४. पावसाळ्यात गटाराचं पाणी ड्रेनमधून वर येतं. काय करावं?

तळमजल्यावरच्या आणि बेसमेंटमधल्या सेंटरचा हा दरवर्षीचा त्रास. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. सांगली-कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ मध्ये पूर पाहिला. रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा तुमचा ड्रेन खाली असेल, तर पाणी आत येणार हे धरूनच चाला.

इमारतीतून बाहेर जाणाऱ्या मुख्य पाइपवर बॅकवॉटर व्हॉल्व्ह (गटाराचं पाणी आत येऊ न देणारा) बसवा आणि मे महिन्यात उघडून साफ करा. मात्र तो बंद झाला की तुमचं पाणीही बाहेर जात नाही. दहा मशीन तासाला ३०० लिटर डायलिसेट सोडतात, ते जाणार कुठे? म्हणून आतल्या बाजूला सम्प (पाणी साठवायचा खड्डा) आणि पंप हवा, आणि तो पंप जनरेटरवर हवा. रिजेक्ट पाणी आधीच वेगळं केलेलं असेल (प्रश्न १०), तर सम्पवरचा भार बराच कमी होतो.

पाणी कपाच्या काठापर्यंत चढलं, की त्या मशीनवर नवीन रुग्ण लावू नका. चालू असलेल्यांचं रक्त परत देऊन डायलिसिस थांबवायचं का, हे डॉक्टरांना विचारून लगेच ठरवा.

१५. घरी सीएपीडी (पोटात पिशवीतलं द्रावण भरून-काढून होणारं डायलिसिस) करतो. बाहेर आलेलं पाणी कुठे ओतायचं?

संडासात. दिवसाला साधारण ८ ते १० लिटर होतं. ग्लोव्ह घाला, पिशवी खाली धरून कमोडच्या कडेने हळू सोडा, झाकण लावून फ्लश करा. मोरीत किंवा भांडी घासायच्या सिंकमध्ये नको. उघड्या गटारात ओतलं तर त्यातल्या साखरेने मुंग्या लागतात. गावाकडे शोषखड्डा असेल तर तो विहिरीपासून आणि हातपंपापासून लांब असल्याची खात्री करा. पाणी गढूळ दिसलं तर ओतू नका. पिशवी तशीच घेऊन डॉक्टरांकडे जा.

रात्री सायकलर मशीन (हे द्रावण आपोआप भरणारं-काढणारं) लावत असाल, तर ड्रेन लाइनचं टोक कमोडमधल्या पाण्यात बुडू देऊ नका. पाण्याच्या वर चार बोटं राहील असं बांधा आणि झोपण्याआधी एकदा बघून या.

१६. घरी हिमोडायलिसिस सुरू करतोय. वॉशिंग मशीनचा पॉइंट वापरता येईल का?

येईल, पण त्याच वेळी वॉशिंग मशीन लावायचं नाही आणि नळी त्या पाइपच्या तोंडाच्या वर ठेवायची. सेप्टिक टँक असेल तर ब्लीचपेक्षा हीट डिसइन्फेक्शन बरं, आणि टँकला रोजचं एवढं पाणी झेपेल का हे आधी पाहून घ्या.

१७. आयसीयूत बेडजवळ ड्रेनच नाही. वॉशबेसिनमध्ये नळी सोडतो.

अनेक ठिकाणी हेच चालतं, आणि मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. त्याच बेसिनमध्ये लोक हात धुतात आणि शेजारी औषधं भरतात. कायमचा उपाय म्हणजे दोन-तीन बेडमागे एक ड्रेन पॉइंट काढून घेणं. तोपर्यंत एक बेसिन फक्त डायलिसिससाठी राखून ठेवा आणि त्यावर तशी पाटी लावा. नळी काठाच्या वर क्लॅम्प करा आणि आसपास तीन फुटांत औषधं, सिरिंज ठेवू नका. बादलीत सोडणं त्याहून वाईट: अर्ध्या तासात १५ लिटर भरतात, आणि बादली उचलताना नळी हमखास पाण्यात बुडते.

१८. ड्रेनचं पाणी मशीनमध्ये गेल्याचा संशय आहे. आता काय?

मशीन बाजूला काढा आणि त्यावर पाटी लावा. डिसइन्फेक्शनची घाई करू नका. आधी डायलिसेटचे नमुने घ्या, कल्चरसाठी आणि एंडोटॉक्सिनसाठी, नाहीतर पुरावाच धुऊन जातो. डायलिसेटमध्ये जंतू मिलीलिटरला १०० सीएफयूपेक्षा कमी आणि एंडोटॉक्सिन ०.५ ईयूपेक्षा कमी असायला हवं (सीएफयू हे वाढू शकणारे जंतू मोजायचं आणि ईयू हे एंडोटॉक्सिन मोजायचं एकक). नमुने घेतल्यावर कंपनीच्या पद्धतीने पूर्ण डिसइन्फेक्शन करा, पुन्हा नमुने पाठवा आणि रिपोर्ट चांगला आल्यावरच मशीन वापरात आणा.

त्या दिवशी त्या मशीनवर असलेल्या रुग्णांची यादी काढा. कुणाला थंडी-ताप असेल तर नेफ्रॉलॉजिस्टना लगेच कळवा आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर घ्या. ज्यांना त्रास नाही, त्यांनाही घरी फोन करून सांगा की दोन दिवसांत ताप आला तर थेट या. त्याच पाइपवरच्या शेजारच्या मशीनचेही नमुने घ्या. तुंबलेला पाइप एकाच मशीनला गाठतो, असं नसतं.